पहिली हीट: मुंबईच्या फ्लॅटमधले अठ्ठावीस दिवस

कुत्रीच्या चादरीवर लाल ठिपके दिसले की घरात कोणीतरी म्हणतं, "हिला पाळी आली." बोलायला सोपा शब्द आहे, पण पुढच्या बहुतेक चुका याच शब्दामुळे होतात. बाईला पाळी येते ती त्या महिन्यात गर्भ राहिला नाही म्हणून. कुत्रीला रक्त जातं ते तिचं शरीर गर्भ धरायच्या तयारीला लागलं म्हणून. यालाच हीट म्हणतात. त्यामुळे रक्त थांबलं की "झालं एकदाचं" म्हणून आपण तिला मोकळी सोडतो, आणि नेमके तेच तिचे गाभण राहण्याचे दिवस असतात. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं डोक्यात ठेवा.

१. कधी येईल, ते आधी कसं ओळखायचं

बहुतेक कुत्र्या सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान पहिल्यांदा हीटवर येतात. पॉमेरियन, शिह त्झू यांसारख्या लहान जाती कधी पाचव्या-सहाव्या महिन्यातच येतात. ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड यांसारख्या मोठ्या जाती दीड-दोन वर्षांपर्यंत थांबतात. इंडी, म्हणजे आपली देशी कुत्री, सहसा वर्षाच्या आत येते. दोन वर्षं उलटली तरी काहीच दिसलं नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

पाच महिने पूर्ण झाले की रोज सकाळी लघवीनंतर पांढऱ्या टिश्यूने तिची लघवीची जागा हलकेच टिपायची सवय लावा. गुलाबी डाग आधी तिथे दिसतो, फरशीवर नंतर. शिवाय तिलाही हाताळून घेण्याची सवय होते. रक्ताच्या आधी काही दिवस ती जागा सुजते, ती सारखी चाटते, फिरायला नेल्यावर दर खांबाला थोडी थोडी लघवी करते. कोणी चिडचिडी होते, कोणी सावलीसारखी मागे मागे फिरते.

काही कुत्र्या स्वतःला इतक्या स्वच्छ ठेवतात की डाग दिसतच नाही. काहींची पहिली हीट जवळजवळ कोरडीच जाते. अशा वेळी बातमी देतात ते बिल्डिंगखालचे नर. कालपर्यंत ढुंकूनही न बघणारे तीन कुत्रे आज गेटपाशी ठाण मांडून बसले असतील, तर घरी जाऊन टिश्यू लावून बघा.

२. सामान आणि कागद

रात्री अकराला दुकान शोधायची वेळ येऊ नये म्हणून हे आधीच घरात असू द्या:

- कुत्र्यांच्या धुता येणाऱ्या चड्ड्या, किमान तीन. कंबर टेपने मोजून माप घ्या, जातीवरून अंदाज नको. लहान मुलाच्या सुती चड्डीला शेपटीपुरतं भोक पाडलं तरी काम होतं.
- आत लावायला साधे, सुगंध नसलेले सॅनिटरी पॅड.
- हार्नेस, गळपट्टा आणि दोन पट्टे. बटण दाबलं की लांब होणारा पट्टा या महिन्यात कपाटात ठेवा.
- गळपट्ट्याला तुमचा फोन नंबर कोरलेला बिल्ला.
- जुन्या चादरी, टिश्यू, थर्मामीटर, मोठी छत्री, पाण्याची बाटली.
- फाइल: लसीकरणाचं कार्ड, रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र, महापालिकेचा कुत्र्याचा परवाना, शेवटचं वजन.

रेबीजची लस राहिली असेल तर ती हीटच्या आधीच उरकून घ्या. या दिवसांत नरांच्या झटापटीत तुमची कुत्री चावली जाण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त असते.

३. पहिला दिवस लिहून ठेवा

पहिला डाग दिसला ती तारीख हा पहिला दिवस. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर ठळक लिहा, म्हणजे घरातल्या सगळ्यांना आणि कामवाल्या मावशींनाही दिसेल. तिथून अठ्ठावीस दिवस मोजून शेवटच्या तारखेला गोल करा. रोज दोन शब्द पुरेत: रक्त किती, रंग कसा, खाल्लं की नाही.

त्याच दिवशी तीन फोन करा. डॉक्टरांना कळवा. केस कापणाऱ्याकडची वेळ रद्द करा. पाळणाघरात ठेवायचं ठरलं असेल तर तिथे विचारा. हीटवरची कुत्री बहुतेक जण घेत नाहीत, आणि न सांगता नेऊन सोडणं हा शुद्ध आगाऊपणा आहे. गणपतीत किंवा मे महिन्यात तिला गावी न्यायचा बेत असेल तर तोही पुढे ढकला. कोकणातल्या घराला अंगण असतं, अंगणाला नुसता गडगा असतो आणि गावातले सगळे नर मोकळे फिरत असतात. तिथे पट्टा धरून बसणारं माणूस दोन दिवसांत कंटाळतं.

४. दिवस मोजा, रंगावर विसंबू नका

पहिला टप्पा सरासरी नऊ दिवसांचा. रक्त लाल असतं, सूज वाढते, नर मागे लागतात, पण ती त्यांना हुसकावते, खाली बसते, दात दाखवते. दुसरा टप्पाही साधारण नऊ दिवसांचाच. रक्त फिकं, गुलाबी किंवा गवती रंगाचं होतं, सूज मऊ पडते. कंबरेला हात लावला की ती मागचे पाय रोवून उभी राहते आणि शेपटी एका बाजूला वळवते. आता ती नराला हुसकावत नाही, उलट स्वतःच त्याला शोधते.

हे आकडे सरासरीचे आहेत. एखादीचा पहिला टप्पा तीन दिवसांत आटोपतो, एखादीचा अडीच आठवडे चालतो. काहींना शेवटपर्यंत लालच रक्त जातं. "लाल आहे तोवर भीती नाही" हे म्हणूनच खोटं. नराचे शुक्रजंतू तिच्या शरीरात पाच-सात दिवस जिवंत राहू शकतात, त्यामुळे गाभण राहण्याच्या दिवसांआधी झालेला संबंधही फुकट जात नाही. कोणता दिवस सुरक्षित, याची गणितं घरी मांडू नका. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दिवस सारखेच सांभाळा.

पहिल्या खेपेला आणखी एक गंमत होते: हीट सुरू होते, आठवड्याभरात विरते आणि काही आठवड्यांनी नव्याने सुरू होते. डॉक्टर याला तुटक हीट म्हणतात. कोवळ्या वयात हे सर्रास दिसतं आणि त्यात काळजीचं काही नाही. मात्र कॅलेंडर पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजावं लागतं. संपलं की नाही याची खरंच शंका असेल, तर योनीमार्गातला स्राव काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येतो. तपासणी साधी असते आणि दुखत नाही.

५. घरात

चड्डी डागांसाठी असते, गर्भ टाळण्यासाठी नाही. चड्डी घातली म्हणून नरासोबत खोलीत सोडणारे लोक आहेत, म्हणून लिहावं लागतं. पॅड दर तीन-चार तासांनी बदला. मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, ओलं पॅड जास्त वेळ राहिलं की मांडीत लाल चट्टे उठतात. दिवसातून दोन-तीन तास आणि रात्रभर चड्डी काढून ठेवा, खाली जुनी चादर घाला. तिला थोडं चाटू द्या, स्वच्छतेची ती तिची पद्धत आहे.

ती जागा कोमट पाण्याने धुऊन कोरडी टिपायची, बस. डेटॉल नको, सॅव्हलॉन नको, पावडर नको. वास लपवण्यासाठी शेपटीला बाम किंवा व्हिक्स चोळण्याचा जुना उपाय अजूनही सांगितला जातो. त्याने नर फसत नाही. त्वचा मात्र जळते, आणि त्यातला कापूर चाटून पोटात गेला तर विषबाधा होऊ शकते.

चादरीवरचे डाग थंड पाण्याने काढा, गरम पाण्याने रक्त कापडात बसतं. फरशी साबणाच्या पाण्याने पुसा. फिनाइल वापरलंच तर फरशी पूर्ण वाळेपर्यंत तिला दुसऱ्या खोलीत ठेवा, कारण ती आधी पाय टाकते आणि मग पाय चाटते.

खाणं एखाद-दोन दिवस कमी होणं चालतं. ती कण्हते, कोपऱ्यात बसते, आणि आपल्याला वाटतं पोट दुखत असेल. घरातली मेफ्टाल, ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम किंवा क्रोसिन देऊ नका. आपल्या या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होऊ शकतात, मूत्रपिंड किंवा यकृत निकामी होऊ शकतं. खरंच दुखतंय असं वाटलं तर डॉक्टरांना दाखवा.

पॅड तासातासाला भिजतंय, तीन आठवड्यांपुढेही रक्त थांबत नाही, स्रावाला घाण वास येतोय किंवा त्यात पू दिसतोय, यांपैकी काहीही असेल तर उद्यावर ढकलू नका.

६. बाहेर नेणं

सगळ्यात जास्त डोकं इथेच लावावं लागतं, कारण मुंबईत तुमच्या दारापासून रस्त्यापर्यंत लिफ्ट, लॉबी, कंपाउंड आणि गेट एवढे टप्पे असतात आणि प्रत्येक ठिकाणी तिचा वास मागे राहतो.

वेळ. पहाटे पाचला रस्ता रिकामा असतो म्हणून तीच वेळ बरी, असं वाटतं. पण रहदारी नसते तेव्हा रस्ता कुत्र्यांचा असतो. पहाटे आणि रात्री उशिरा ते टोळीने फिरतात. सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास, माणसांची वर्दळ सुरू झाली की ते गाड्यांखाली झोपायला जातात. या महिन्यापुरती ती वेळ धरा, दुपारी चारच्या आसपास दुसरी. उन्हाळ्यात आधी डांबरावर हाताची मागची बाजू पाच सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर तिलाही सोसणार नाही.

गेट. गेटवर किंवा लॉबीत लघवी करू देऊ नका. तिच्या लघवीतच सगळा निरोप असतो. एकदा गेटच्या खांबावर केली की नर तिथेच मुक्काम ठोकतात. लहान असेल तर उचलून बाहेर न्या. मोठी असेल तर लिफ्टमध्ये आणि लॉबीत चड्डी घाला, बाहेर पडल्यावर काढा आणि दोन इमारती पुढे गेल्याशिवाय थांबू नका. चुकून कंपाउंडात झालीच तर बाटलीतलं पाणी भरपूर ओता.

पट्टा. एक पट्टा हार्नेसला, दुसरा गळपट्ट्याला. घाबरलेली किंवा ओढ लागलेली कुत्री मागे सरकून हार्नेसमधून निसटते, तेव्हा दुसरा पट्टा उपयोगी पडतो. एरवी हाकेसरशी येणारी कुत्रीही या दिवसांत ऐकत नाही. जुहू, वर्सोवा, अक्सा असले किनारे आणि कुत्र्यांची उद्यानं महिनाभर बंद. पट्टा मुलांच्या हातात देऊ नका.

नर अंगावर आला तर. पळू नका. तिला भिंतीला किंवा उभ्या गाडीला पाठ लावून उभी करा, तिच्या आणि त्याच्या मध्ये तुम्ही या, आणि छत्री त्याच्या दिशेने झटकन उघडा. बहुतेक कुत्रे तेवढ्याने थबकतात. दगड-काठी वापरू नका: मारणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली गुन्हा आहे, आणि चिडलेली टोळी तुमच्यावरही उलटू शकते. बिस्किटं टाकून पांगवायलाही जाऊ नका, उद्या ते बिस्किटांसाठीही थांबतील.

गल्लीत कुत्र्यांना खायला घालणाऱ्या काकूंशी आधीच बोलून घ्या. कोणता नर नसबंदी झालेला आणि कोणता नाही, हे त्यांना तोंडपाठ असतं. कानाला खाच असलेला कुत्रा म्हणजे ऑपरेशन झालेला. तो मागे येईल, वासही घेईल, पण पिल्लं होणार नाहीत. अपवाद नुकत्याच ऑपरेशन झालेल्या नराचा. त्याच्यात काही आठवडे शुक्रजंतू शिल्लक असू शकतात. खाच नसलेला नर दिसला तर काकूंच्या मदतीने त्याची नसबंदी करून घेता येईल. पुढच्या हीटला तुमचंच काम हलकं होईल.

वॉचमनला स्पष्ट सांगा: महिनाभर छोटं गेट लावलेलं असू द्या. गेटवर नर जमले की सोसायटीत कुरकुर सुरू होते. सेक्रेटरींना आपणच आधी कळवलेलं बरं, सोबत शेवटची तारीखही सांगा. लोकांचा राग निम्म्याने उतरतो. कुत्र्याला लिफ्ट बंद असा फतवा निघाला, तर भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवा. पाळीव कुत्र्याला लिफ्टबंदी करता येत नाही, असं त्यात आहे. पण लिफ्टमध्ये डाग पडला तर तो तुम्हीच पुसायचा, झाडूवाल्यावर सोडायचा नाही.

गच्चीची किल्ली मिळत असेल तर सोन्याहून पिवळं. बाल्कनीत रद्दीवर किंवा कृत्रिम गवतावर लघवी करायची सवय मात्र हीटच्या आधी लावायला हवी, ऐन वेळी ती शिकत नाही.

दार. ती निसटते ती बहुतेक वेळा घरातूनच. डिलिव्हरीवाल्याने बेल वाजवली, दार उघडलं, पायांमधून ती गेली. बेल वाजली की आधी तिला आतल्या खोलीत घालून कडी लावायची, मग दार उघडायचं. चाळीत राहत असाल आणि दार दिवसभर उघडं ठेवायची रीत असेल, तर महिनाभर ती मोडा. दारात आडवी लावलेली फळी नराला अडवत नाही, आणि जिना चढून वर यायला तो लाजत नाही.

७. घरात नर असेल तर

त्याला महिनाभर नातेवाइकांकडे पाठवा. वेगळी खोली हा दुसऱ्या क्रमांकाचा पर्याय, आणि वन-बीएचकेमध्ये तो बहुधा फसतो: नर जेवण सोडतो, रात्रभर रडतो, आणि कोणीतरी दया येऊन दार उघडतं. "भाऊ-बहीण आहेत, लहान आहेत" यावर जाऊ नका. नर सहा-सात महिन्यांचा झाला की पुरेसा मोठा असतो, आणि नातं त्यांना कळत नाही.

८. तरीही लागलेच तर

दोघं अडकलेले दिसले तर ओढून सोडवू नका, पाणी ओतू नका, मारू नका. नराच्या अवयवाची गाठ आत फुगलेली असते, ओढलं तर दोघांनाही इजा होते. पाच मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत वेळ लागतो. तिचं डोकं धरून तिला शांत ठेवा, ते आपोआप सुटतात. नंतर तिला आंघोळ घालून काही उपयोग नाही. आपल्याकडची गर्भनिरोधक गोळी तर अजिबात देऊ नका.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जा, तारीख आणि हीटचा कितवा दिवस ते सांगा. पिल्लं नको असतील तर गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन किंवा औषध, यातलं काय आणि कधी ते डॉक्टर ठरवतील. कोणी लगेच इस्ट्रोजेनचं इंजेक्शन देऊ म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या. त्याने गर्भाशयात पू होण्याचा आणि अस्थिमज्जेवर परिणाम होण्याचा धोका असतो. गर्भ आहे की नाही ते साधारण चार आठवड्यांनी सोनोग्राफीत दिसतं. गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा, म्हणजे विचार करायला फार वेळ नसतो.

रस्त्यावरच्या नराकडून आणखी एक गोष्ट येऊ शकते: संबंधातून पसरणारी लैंगिक अवयवाची गाठ. हीट नसतानाही रक्ताचे थेंब पडत राहिले किंवा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी वाढ दिसली, तर तपासून घ्या. व्हिन्क्रिस्टिनच्या इंजेक्शनांनी ती बहुधा पूर्ण बरी होते.

"एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, तब्येतीला बरं असतं" असं सांगणारं कोणीतरी प्रत्येक सोसायटीत भेटतं. तब्येतीला त्याचा काही फायदा नाही. पहिल्या हीटला तर ती स्वतःच पिल्लू असते. श्वान प्रजननाच्या २०१७ च्या नियमांतही मादीचं वय किमान १८ महिने हवं, असं आहे.

९. नंतरचे दोन-तीन महिने

अठ्ठाविसाव्या दिवसानंतर तिला छान आंघोळ घाला, अंथरुणं धुवा. पण कॅलेंडर काढून टाकू नका.

हीटनंतर दोन ते आठ आठवड्यांत, कधी त्याहून उशिरा, पायोमेट्रा होऊ शकतो, म्हणजे गर्भाशयात पू साठतो. वयस्क कुत्र्यांत हे जास्त दिसतं, पण तरुण कुत्रीलाही होतं. ती नेहमीपेक्षा खूप पाणी पिते, सारखी लघवी करते, मलूल पडते, खात नाही, ओकते. कधी घाण स्राव येतो. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर काहीच बाहेर येत नाही, फक्त पोट फुगतं, आणि हा प्रकार जास्त घातक. कुत्र्याचं शरीराचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं, १०० पाहून ताप समजू नका. पण ताप नाही म्हणून निर्धास्तही राहू नका. पायोमेट्राची शंका आली तर रात्र काढायची नसते. तुमच्या भागात रात्री कोण उघडं असतं ते आधीच फोन करून विचारून ठेवा. परळचं बाई साकरबाई पेटिट रुग्णालय आणि महालक्ष्मीचं टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं रुग्णालय सगळ्यांना ठाऊक असतं, पण बोरिवली किंवा मुलुंडहून तिथे पोचायला लागणारा वेळही हिशेबात धरा.

दुसरी गोष्ट खोट्या गाभणपणाची. सहा ते आठ आठवड्यांनी स्तन सुजतात, दूध येतं, ती सोफ्यामागे घरटं करते आणि रबरी बदकाला पिल्लू समजून त्याच्यावर गुरगुरते. बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरतं. खेळणी उचलून ठेवा, फिरणं वाढवा. दूध पिळू नका आणि स्तन चोळू नका, त्याने दूध वाढतं. स्तन कडक, गरम किंवा लाल झाले तर डॉक्टरांना दाखवा.

१०. ऑपरेशन कधी

हीट चालू असताना गर्भाशयाला रक्तपुरवठा वाढलेला असतो, म्हणून तातडी नसेल तर नसबंदी तेव्हा करत नाहीत. हीट संपल्यापासून दोन ते तीन महिन्यांनी, खोटं गाभणपण ओसरलेलं असताना करणं चांगलं. मोठ्या जातीच्या कुत्रीत हाडांची वाढ पुरी होईपर्यंत थांबावं का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. जाताना ती कॅलेंडरची पानं सोबत न्या, तारखा त्यांना लागतात.

हीट "पुढे ढकलणारं" हार्मोनचं इंजेक्शन स्वस्त आणि सोयीचं वाटतं. पायोमेट्रा, स्तनाच्या गाठी आणि मधुमेह हे त्याचे माहीत असलेले धोके आहेत. नको.

ऑपरेशन करायचं नसेल तर पुढची हीट साधारण सहा महिन्यांनी येईल, काहींना वर्षाने. बाईसारखी कुत्रीची हीट वयाने बंद होत नाही, म्हातारपणीही ती येतच राहते. पुढची अंदाजे तारीख आजच कॅलेंडरवर टाका आणि त्याच्या महिनाभर आधीपासून सकाळचा टिश्यू पुन्हा सुरू करा.